चोडण-दिवाडीच्या सुट्टीत अनोळखी पक्षी ओळखताना

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की काही मिनिटांत चोडण येतं. तेवढ्या वेळात नुसतं कठड्याला टेकून उभं राहिलं तरी दोन प्रकारच्या घारी, खांबावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, चिखलाच्या कडेला तीन-चार बगळे आणि पाण्यावरून सरळ रेषेत गेलेलं काहीतरी निळं, एवढं हमखास दिसतं. हे ‘काहीतरी निळं’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवायची एक रीत आहे. ती जमली की चोडण आणि दिवाडी या मांडवीतल्या बेटांवरच काय, गोव्यात कुठेही अनोळखी पक्ष्यापुढे गोंधळायला होत नाही.

नवख्या माणसाची चूक बहुधा एकच असते. तो रंगापासून सुरुवात करतो. पक्षी निळा दिसला, पुस्तकात किंवा मोबाईलवर निळा पक्षी शोधला, सर्वांत सुंदर चित्राशी तो जुळवला आणि नाव पक्कं केलं. रंग ही सर्वांत फसवी खूण आहे. उन्हाकडे पाठ करून बघितलेला पक्षी आणि ऊन समोरून येताना बघितलेला पक्षी एकच असला तरी दोन वेगळे वाटतात. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात पांढरा बगळा पिवळसर दिसतो, दुपारी डोळे दिपवतो. म्हणून क्रम असा धरा: आधी ठिकाण, मग आकारमान, मग चोच आणि पाय, मग वागणूक आणि रंग सगळ्यांत शेवटी.

पहिले वीस सेकंद

पक्षी दिसला की मोबाईल किंवा कॅमेरा खिशातच राहू द्या. वीस सेकंद फक्त बघा आणि बघता बघता मनात शब्दांत वर्णन करा: ‘साळुंकीपेक्षा मोठा, चोच लांब आणि लाल, मान आखूड, तारेवर ताठ बसलाय, खाली शेताकडे बघतोय.’ शब्दांत मांडलेलं लक्षात राहतं. नुसतं पाहिलेलं पुस्तक उघडताच पुसलं जातं आणि त्या जागी पुस्तकातलं चित्र येऊन बसतं. वर्णन वहीत उतरवल्यावरच फोटो काढा, आणि पुस्तक किंवा अ‍ॅप उघडायचं ते त्याच्याही नंतर.

आकारमान सेंटिमीटरमध्ये सांगायला जाऊ नका, अंदाज साफ चुकतो. रोजच्या ओळखीच्या पक्ष्यांची शिडी वापरा. माडाच्या झावळीखाली फिरणारा इवलासा फुलटोचा सुमारे ८ सेंमी, चिमणी १५, बुलबुल २०, साळुंकी २३ ते २५, गावकावळा ४० आणि घार ६० सेंमीच्या आसपास. अनोळखी पक्षी यांतल्या कोणत्या दोघांच्या मध्ये बसतो एवढं सांगता आलं तरी पुस्तकातली तीन-चतुर्थांश पानं बाजूला पडतात. शेजारी कावळा किंवा बगळा बसला असेल तर तुलना तिथल्या तिथे करा. उघड्या चिखलावर किंवा रिकाम्या आकाशात एकटा पक्षी असला की मापाचा अंदाज हमखास चुकतो. अशा वेळी आकारमानावर भर न देता ठेवणीवर द्या: चोच डोक्याच्या लांबीच्या किती पट आहे, शेपटी पंखांच्या टोकांपुढे येते का, उडताना पाय शेपटीबाहेर दिसतात का.

दुर्बीण आणि ती वापरायची पद्धत

८×४२ ची दुर्बीण घ्या. पहिला आकडा मोठं दाखवण्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची दुर्बीण दुकानात मोहक वाटते, पण फेरीबोटीवर किंवा होडीत ती इतकी हलते की ८ पटीत जेवढं दिसतं तेवढंही दिसत नाही. ४२ च्या भिंगातून तिवरांच्या सावलीत आणि कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पुरेसा उजेड मिळतो.

पहिल्याच दिवशी ती आपल्या डोळ्यांना लावून घ्या. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत जुळवा. उजवं पुढचं भिंग हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने मधली चक्री फिरवून लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका आणि मधल्या चक्रीला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची डायऑप्टरची छोटी चक्री फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ही छोटी चक्री पुन्हा हलवायची नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली दाबून ठेवा, नसेल तर वर काढा. हे न करता दुर्बिणीला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात.

गोव्यात आणखी एक अडचण येते. एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर काढली की दमट हवेत भिंगांवर धुकं चढतं आणि नेमका पहाटेचा वेळ पुसण्यात जातो. निघायच्या वीस मिनिटं आधी दुर्बीण पिशवीसकट व्हरांड्यात ठेवा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या तुषारांनी डाग पडले तर कोरडं फडकं घासू नका, मिठाचे कण भिंग ओरखडतात. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने आधी मीठ उचला, मग कोरडं करा.

पक्षी कुठे आणि केव्हा

बेटांवरची वेळ घड्याळाइतकीच भरती-सुकतीवर ठरते (सुकती म्हणजे ओहोटी). चोडणच्या पश्चिम टोकाला फेरीच्या धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्रफळ १.७८ चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि चिखलातले पक्षी दूर कुठेतरी बांधावर जाऊन झोपतात. पायवाटेवरून चिखल बघायचा असेल तर सुकतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास धरा. उलट, होडीने खारफुटीच्या आतल्या चिंचोळ्या नाल्यांत शिरायचं असेल तर पाणी चढलेलं हवं. भरतीचं कोष्टक बंदरातलं असतं. नदीत वर जावं तशी भरती थोडी उशिरा येते, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा.

दिवाडीला जाण्यासाठी जुन्या गोव्याहून फेरी मिळते. तिथे खारफुटी कडेला आणि मध्ये खाजनाची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, भातशेती. खाजनाच्या बांधात जिथे मानस बसवलेली असते, ती पाण्याची दारं सुकतीला आपोआप उघडतात आणि आतलं पाणी मासळीसकट नदीकडे धावतं. त्या दहा-पंधरा फुटांच्या जागेत बगळे, खंड्ये आणि ढोकऱ्या दाटीवाटीने उभ्या असतात. पक्ष्यांची एकमेकांशी तुलना करायला याहून चांगली जागा बेटावर नाही. बांधाच्या अलीकडे तीस-चाळीस पावलांवर बसून राहा. पक्षी माना उंच करून ताठ झाले की तुम्ही फार जवळ आलात असं समजा आणि तिथेच थांबा.

हंगामही लक्षात हवा. उत्तरेकडचे पाहुणे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत बहुतेक परततात. जूनमध्ये दिवाडीच्या शेतात ‘हिवाळी पाहुणा’ दिसला असं वाटलं तर आधी आपल्या ओळखीवर शंका घ्या, मग पक्ष्यावर.

खंड्या: एकाच घरातले सातजण

बेटावरचं ‘काहीतरी निळं’ म्हणजे नव्वद टक्के खंड्या. पण गोव्यात खंड्याच्या अनेक जाती आहेत. त्यांचा उलगडा झाला की बाकीच्या पक्ष्यांसाठीची नजरही तयार होते, म्हणून इथे जरा थांबू.

तारेवर, शेताच्या मध्ये, पाण्यापासून लांब बसलेला, साळुंकीहून थोडा मोठा, डोकं आणि पोट चॉकलेटी, गळा-छाती पांढरीशुभ्र, चोच लाल: हा आपला नेहमीचा खंड्या. तो टोळ, सरडे, खेकडे काहीही खातो, त्याला पाणी लागतंच असं नाही. पाण्याच्या अगदी कडेला, खालच्या फांदीवर, चिमणीएवढा, पोट नारिंगी: तो छोटा खंड्या. पाण्यावर हवेत एका जागी फडफडत थांबून मग सूर मारणारा, पूर्ण काळा-पांढरा: कवड्या खंड्या. सावलीतल्या ओढ्याकाठी कावळ्यापेक्षा किंचित लहान, भलीमोठी लाल चोच, अंग पिवळसर, डोक्यावर तपकिरी टोपी: हा मोठ्या चोचीचा खंड्या, दिसण्याआधी त्याचा कर्कश हसल्यासारखा आवाज येतो. एवढ्या चौघांत सहसा चूक होत नाही.

खरी कसोटी खारफुटीत लागते. तिथे काळ्या टोपीचा खंड्या आणि पांढऱ्या कॉलरचा कॉलर्ड खंड्या असे दोघे आहेत. कॉलर्ड खंड्या बघायला लांबून लोक चोडणला येतात. तो बुलबुलापेक्षा मोठा, वरून निळा-हिरवा, खालून स्वच्छ पांढरा, मानेभोवती पूर्ण पांढरी पट्टी. चोच बघा: काळपट, खालचा भाग फिका. लाल नाही. चोच लाल दिसली की कॉलर्ड हे नाव खोडायचं.

काळ्या टोपीचा खंड्या हिवाळ्यात जास्त दिसतो. टोपी काळी, पाठ जांभळट निळी, मानेभोवती पांढरी पट्टी, पोट नारिंगी, चोच पोवळ्यासारखी लाल. त्याची गल्लत नेहमीच्या खंड्याशी होते, आणि त्यामागे कारण आहे. दोघेही उडताना पंखात मोठा पांढरा ठिपका चमकतो, दोघांची चोच लाल आणि आकारमान जवळपास सारखं. उजेड मागून असेल तर नेहमीच्या खंड्याचं चॉकलेटी डोकं चक्क काळं दिसतं. अशा वेळी टोपीकडे बघू नका, मानेची मागची बाजू बघा. काळ्या टोपीच्या खंड्याची पांढरी पट्टी मानेला मागूनही वेढते. नेहमीच्या खंड्याचं पांढरं गळ्या-छातीपुरतंच असतं, मानेची मागची बाजू चॉकलेटीच राहते. पक्षी तोंड फिरवेपर्यंत थांबायची तयारी हवी, एवढंच.

सातवा म्हणजे तिबोटी खंड्या. चिमणीहूनही लहान, जांभळा-नारिंगी, पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी सावलीतल्या ओढ्यांवर दिसतो. बेटावरच्या उघड्या खाजनात त्याला शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे चिमणीएवढा खंड्या दिसला तर तो छोटा खंड्या असतो.

पांढरे बगळे

सगळे पांढरे बगळे एकच, असं म्हणून सोडून देणारे खूप आहेत. ते सोडू नयेत, कारण चोच आणि पाय बघायची सवय इथेच लागते.

गुरांच्या पायांत फिरणारा, आखूड मानेचा, पिवळ्या आखूड चोचीचा तो गायबगळा. उन्हाळ्याअखेरीस त्याच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढतो. चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे तो छोटा बगळा. इथे चिखलाची गंमत आहे. खाजनात उभ्या असलेल्या छोट्या बगळ्याचे पिवळे पंजे दिसतच नाहीत, चिखलाने पाय खालपर्यंत काळे झालेले असतात. पिवळे पंजे नाहीत म्हणून दुसरं नाव देऊ नका, तो उडेपर्यंत थांबा. उडताना पाय मागे लांब होतात आणि बोटं पिवळी दिसतात.

मध्यम आणि मोठा बगळा यांत उंचीवरून भांडत बसण्यापेक्षा डोळ्याखालची रेघ बघा. चोचीच्या कोपऱ्यातून निघालेली काळी रेघ मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागे जाते, मध्यमात डोळ्याखालीच संपते. ऐंशी फुटांवरून ८ पटीच्या दुर्बिणीत ही रेघ सहज दिसते. चोचीच्या रंगावर मात्र विसंबू नका. हिवाळ्यात दोघांचीही चोच पिवळी असते आणि विणीच्या हंगामात दोघांचीही काळी होते.

समुद्रकाठी आणि नदीमुखाला आणखी एक बगळा असतो, किनारी बगळा. याचे दोन रंग आहेत: एक काळपट राखी, गळा पांढरा, तो लगेच ओळखू येतो. दुसरा पूर्ण पांढरा, आणि तो छोट्या बगळ्यासारखाच दिसतो. याची चोच जाड, तपकिरी-पिवळट आणि टोकाकडे किंचित वाकलेली असते. पायांवरचा पिवळेपणा बोटांच्या वर चढलेला असतो. पाण्यात पंख अर्धवट उघडून धावत मासे हुसकतो. खाजनात शांत उभा असलेला पांढरा बगळा किनारी ठरवण्याआधी ही चोच नीट बघून घ्या.

आणि ‘तपकिरी पक्षी बसला होता, उडाला तर पांढरा झाला’ हे कोडं: ती ढोकरी. बसल्यावर तिचे पांढरे पंख पाठीच्या तपकिरी पिसांखाली झाकले जातात.

वर घिरट्या घालणारे

लालसर विटकरी अंग आणि पांढरं डोकं, ही ब्राह्मणी घार. तिला समुद्र गरुड म्हणण्याची चूक फार होते. खरा पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड घारीपेक्षा कितीतरी मोठा, वरून राखी, खालून पांढरा, शेपटी आखूड आणि पाचरीसारखी, घिरट्या घालताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले. एकदा शेजारी शेजारी पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

अवघड आहे ती ब्राह्मणी घारीची तपकिरी पिल्लं, कारण ती साध्या घारीसारखीच दिसतात. शेपटी बघा. साध्या घारीची शेपटी मध्ये खाच असलेली, ब्राह्मणी घारीची शेवटी गोल. घार वळताना शेपटी पंख्यासारखी उघडते, त्या क्षणी खाच दिसेनाशी होते. म्हणून सरळ उडत असताना बघा.

हिवाळ्यात मांडवीवर ऑस्प्रे दिसतो: खालून पांढरा, डोळ्यातून गेलेली काळी पट्टी, पंख मनगटाशी वाकलेले. मासा पकडून नेताना तो माशाचं डोकं पुढे करून धरतो, होडी चालवावी तसा. घार मासा कसाही लोंबकळत नेते. लांबून रंग कळत नसला तरी हा फरक कळतो.

चिखलातले छोटे करडे

इथे धीर सुटतो, आणि सुरुवातीला सुटला तरी चालेल. सगळे करडे, सगळे लगबगीने चालणारे. आधी सोपे बाजूला काढा. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. नारिंगी-लाल पायांचा, उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दाखवणारा टिलवा. एकटाच, दगडावरून दगडावर जाणारा, शेपूट सतत खालीवर हलवणारा, खांद्यापुढे पांढरं चढलेला तो तुतारी.

उरतात ते चिखले. चोच आखूड, चालणं थांबत थांबत: दोन पावलं धाव, थांब, चोच मार, पुन्हा धाव. मानेला मागून पांढरी पट्टी पूर्ण फिरली असेल तर बहुधा केंटिश चिखल्या. पट्टी नसेल आणि डोकं-पाठ एकसारखी करडी असेल तर वाळूचिखल्या. त्यातही छोटा आणि मोठा असे दोन, चोचीच्या लांबीवरून आणि पायांवरून सांगतात, पण एकटा पक्षी लांबून बघून हे ठरवणं जाणत्यांनाही जड जातं. पुस्तकांतही नावं बदलली आहेत: जुन्या पुस्तकातला ‘छोटा वाळूचिखल्या’ आता सायबेरियन आणि तिबेटी अशा दोन जातींत विभागला गेला आहे आणि आपल्याकडचा तिबेटी धरला जातो. वहीत ‘वाळूचिखल्या, प्रजाती अनिश्चित’ असं लिहिणं पूर्णपणे योग्य आहे.

कुरव मोरजीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात थव्याने असतात. त्यांच्यापासून सुरुवात करू नका. त्यांची पिसं वयानुसार दोन ते चार वर्षं बदलत राहतात.

गावात आणि कुळागरात

तुमच्या खोलीबाहेरच्या जास्वंदीवर शिंजीर येईल. नर जांभळा शिंजीर विणीच्या हंगामाबाहेर चमक गमावतो आणि पिवळ्या पोटावर गळ्यापासून खाली एकच काळी रेघ उरते, म्हणून अनेकांना ती वेगळी जात वाटते. लांब, जास्त वाकलेली चोच आणि छातीवर तपकिरी-लाल पट्टा असेल तर लोटनचा शिंजीर. पश्चिम घाटाचाच असलेला छोटा शिंजीर मादीवरून ओळखा: साध्या रंगाची, पण कमरेवर लाल डाग.

सतत टुक-टुक-टुक असा ठोका ऐकू आला तर तांबट. कुटर्र-कुटर्र अशी तालात रेटलेली हाक पांढऱ्या गालाच्या तांबटाची, ज्याला कुटुर्गा म्हणतात. घशातून आलेला हूप-हूप-हूप भारद्वाजाचा, तो झुडपात आत असतो. पहाटे घराच्या मागे कुणीतरी माणूस सूर चुकत शीळ घालतोय असं वाटलं आणि जवळपास ओहोळ असेल तर शीळकरी कस्तूर.

एक दिवस बोंडला किंवा मोलेंच्या अभयारण्यात गेलात तर गोव्याचा राज्यपक्षी, फ्लेम-थ्रोटेड बुलबुल, शोधा: डोकं काळं, गळा माणकासारखा लाल, खालून पिवळा, डोळा पांढरट, शेंडी नाही. जुन्या पुस्तकांत तो काळ्या शेंडीच्या बुलबुलाची उपजात म्हणून असतो, म्हणून त्यांत स्वतःच्या नावाने शोधून सापडला नाही तर घाबरू नका. धनेश दिसला तर मान बघा. मान पिवळसर पांढरी आणि उडताना पंखात रुंद पिवळट पट्टा असेल तर मोठा धनेश, त्याच्या पंखांची फुस्स-फुस्स लांबून ऐकू येते. मान काळी आणि पंखाची फक्त मागची कड पांढरी असेल तर कवड्या धनेश. चोचीवर शिंगच नसलेला, राखी, माणसासारखा खदखदून हसणारा तो मलबार राखी धनेश.

अ‍ॅप कुठे फसतं

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं मर्लिन हे पक्षी ओळखायचं अ‍ॅप मोफत आहे. भारताचा संच घरच्या वायफायवर उतरवून घ्या, बेटावर नेटवर्क कुठे मिळेल सांगता येत नाही. फोटोवरून ओळखताना ठिकाण आणि तारीख बरोबर टाकली आहे का बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती गळून जाते आणि मग भलत्याच देशातले पक्षी सुचवले जातात.

आवाजावरून ओळखताना जास्त जपायला हवं. भृंगराज, पर्णपक्षी आणि साळुंक्या दुसऱ्यांच्या नकला करतात. भृंगराजाने सर्पगरुडाची हाक काढली तर अ‍ॅप सर्पगरुड दाखवू शकतं आणि तो तिथे नसतो. फेरीबोटीचं इंजिन किंवा वारा असेल तेव्हा मिळालेली नावं धरू नका. अ‍ॅपने दिलेलं नाव ही सूचना आहे. पक्षी डोळ्यांनी दिसला, किंवा तो आवाज तुम्हाला स्वतःला पक्का माहीत असला, तरच यादीत घाला. अ‍ॅपमधला आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलवू नका. तो शत्रू आला समजून घरटं सोडतो आणि ऊर्जा वाया घालवतो. दिवसा फांदीला चिकटून झोपलेल्या बेडूकमुखीवर तर फ्लॅशही मारू नका.

नाव सुचलं की ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर उत्तर गोवा जिल्ह्याचा बार चार्ट उघडा. कोणता पक्षी वर्षाच्या कोणत्या आठवड्यात नोंदला जातो ते पट्ट्यांत दिसतं. तुमच्या आठवड्यात पट्टीच नसेल तर पुन्हा वर्णन वाचा आणि त्याच्यासारखा दिसणारा नेहमीचा पक्षी आधी खोडून बघा. दहातल्या नऊ वेळा तोच निघतो.

फोटो ओळखीसाठी काढायचा असेल तर सुंदर एकच न काढता तीन काढा: बाजूने, पाठीने आणि उडताना, तो धूसर आला तरी. पांढरा बगळा उन्हात असेल तर कॅमेऱ्याचं एक्सपोजर एक स्टॉप कमी करा, नाहीतर पांढरं सपाट होऊन चोचीकडची रेघ नाहीशी होते. आकाशापुढचा पक्षी असेल तर उलट एक स्टॉप वाढवा, नाहीतर हाती फक्त काळी सावली लागते. मोबाईलवर पक्ष्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली-वर ओढली की हेच होतं.

एवढं करूनही नाव लागलं नाही, तर वर्णन, वेळ, जागा आणि पाणी चढतं होतं की उतरतं हे लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथेच जा. चिखलातले पक्षी घड्याळ पाळत नाहीत, पाणी पाळतात, आणि सुकती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. काल साडेआठला मानशीजवळ तो दिसला असेल तर आज सव्वानऊच्या सुमारास बांधावर बसा, ऊन पाठीशी घेऊन.